पळीचा एक ठोका

धक्क्यावर कुणालाही विचारा, इथलं सगळ्यात महागडं यंत्र कोणतं, तर लोक मिस्त्रीच्या नाकाकडे बोट दाखवत. छोट्या होड्यांच्या मागे जी मशीनं टांगलेली असतात, त्यांच्या पोटात काय घालायचं आणि काय नाही, याचा निकाल तेच नाक द्यायचं. कॅन उघडायचा, थोडं पेट्रोल झाकणात ओतायचं, डोळे मिटायचे, एक लांब श्वास. मग निकाल. "गेल्या वर्षीचं आहे, ओतून दे." नाहीतर, "रॉकेल मारलंय यात. कुठून आणलंस, सासऱ्याकडून?" या निकालावर अपील नव्हतं.

हे नाक सात वर्षांपूर्वी मेलं होतं. दोनच माणसांना ते ठाऊक होतं, एक मिस्त्री आणि दुसरी त्याची बायको. मिस्त्रीची गोष्ट धक्क्यावर पुष्कळांनी पुष्कळदा सांगून झाली आहे, तिखटमीठ लावून झाली आहे. ही तिची आहे.

तिला सगळे वहिनी म्हणत. मिस्त्री "अगं" म्हणे, आणि चिडलेला असला की तेवढंही नाही. तिच्या माहेरी लाँड्री होती. वडील कपड्यांवरचे डाग काढायला पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट, टर्पेंटाइन असं काय काय बाळगून असत आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाफेने सुटून पडत. मग वडील हाक मारत, "ये गं, वास घेऊन सांग कुठली कुठली ते." आठ वर्षांची पोर बाकावर चढून एकेक बाटली हुंगायची आणि वडील तिच्या शब्दावर लोकांच्या महागड्या कोटांवर ते ओतायचे. एकही कोट कधी बिघडला नाही. पुढे लग्न ठरताना मुलाकडच्यांनी स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं, अक्षर कसं आहे ते कागदावर लिहवून बघितलं. नाकाचं कुणी विचारलं नाही. विचारतं तरी कोण?

अक्षर मात्र सुरेख निघालं, आणि तेच तिला नडलं.

कारण मिस्त्रीच्या कारखान्यात एक भिंत होती. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड, दोन बाकं, मशीन पाण्यात उभं करून चालवून बघायचं एक पिंप. उजव्या हाताच्या भिंतीवर खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला तारेने टांगलेला एक मेलेला पिस्टन. कुणाचा ओरबाडलेला, कुणाचा माथ्याला भोक पडलेला, कुणाच्या रिंगा वितळून चिकटलेल्या. खाली लाल रंगात ज्याचा त्याचा मालक आणि त्याचं पाप. 'लंबू – मागच्या हंगामाचं पेट्रोल.' 'डबलरोटी – रॉकेल.' 'दीडशहाणा – तेल दुप्पट.' चुकीच्या इंधनाने ज्याने मशीन मारलं, त्याचा पिस्टन भिंतीवर. पण त्याआधी त्याला सगळ्यांसमोर उभं राहून "चुकलो" म्हणावं लागे. मिस्त्री कानामागे हात धरून म्हणे, "ऐकू नाही आलं." मग पुन्हा, आणखी मोठ्याने. मग तिसऱ्यांदा. तीन वेळा चुकलो म्हटल्याशिवाय मिस्त्री पान्याला हात लावत नसे. हसायला सगळा धक्का जमायचा, आणि सगळ्यात मोठ्याने हसायचे ते ज्यांचा पिस्टन आधीच भिंतीवर होता ते.

मिस्त्रीचं म्हणणं, हे शिक्षण आहे. "मी काय कमी सांगतो का?" तो म्हणे. "जुन्या मशीनला पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, पन्नासाला एक. नव्या चार ठोक्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक मशीनला मिसळायचं नाही, त्याचं तेल वेगळ्या पोटात. महाग पेट्रोल घेतलं म्हणून मशीन काही पळत नाही, ताजं घ्या. स्पिरिट मिसळलेलं असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं, महिनाभर टाकीत ठेवू नका. आता हे लहान पोराला कळतं. तुम्हाला कळत नाही म्हणून भिंत." सांगे ते खरंच होतं. खरं बोलणाऱ्या माणसाला दुष्टपणा करायला फार मोकळीक असते.

भिंतीवरची सगळी अक्षरं बायकोची. पिस्टन टांगला की तो हाक मारायचा, ती ब्रश आणि लाल रंगाची डबी घेऊन यायची आणि लिहायची. तिला त्यात काही वाटत नसे असं नाही, पण फारसं वाटत नसे. आपण फक्त लिहितो, असं ती स्वतःला सांगायची. बोळक्याचा दिवस येईपर्यंत तिला ते पटतही होतं.

बोळका म्हणजे तोंडात एकही दात नसलेला म्हातारा होडीवाला. एका सकाळी त्याच्या बायकोच्या छातीत कळ आली. पलीकडच्या काठावर दवाखाना. त्याने तिला होडीत निजवलं, हाताला लागला तो कॅन टाकीत ओतला आणि दोरी ओढली. घाईत तेल मिसळायचं राहिलं. भर पाण्यात मशीन धरलं गेलं, पिस्टन आत चिकटून बसला. बोळक्याने दोन तास वल्ही मारली. बायको दवाखान्यात पोचली, तिसऱ्या दिवशी गेली. आठवड्याने तो मशीन घेऊन आला तेव्हा मिस्त्रीने पिस्टन काढला, त्याला भिंतीसमोर उभं केलं आणि कानामागे हात धरला.

बोळका तीन वेळा म्हणाला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मिस्त्रीने हाक मारली आणि ती ब्रश घेऊन आली, पण तिचा हात उठेना.

"अहो, यांचं राहू द्या," ती म्हणाली. "यांचं नका लिहायला लावू."

"लिही," मिस्त्री म्हणाला. "भिंत माणूस बघत नाही."

तिने लिहिलं. 'बोळका – तेल विसरला.' बोळक्याने शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत उभं राहून वाचलं आणि मान हलवून गेला. तिला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि मिस्त्रीने तिच्या ताटातलंही संपवलं.

मग मिस्त्रीला ताप आला. आठ दिवस अंथरुणात होता. नवव्या दिवशी उठून बसला, ओट्यापाशी खुर्ची ओढून पेपर वाचू लागला. ती दूध तापत ठेवून नळावर गेली होती. नळ कुठे, घर कुठे, तरी वास तिथपर्यंत आला. धावत आली तर पातेल्यात कोळसा, खोलीभर धूर, आणि मिस्त्री धुराच्या मधोमध खुर्चीत, पेपराचं पान उलटतोय.

"अहो, दूध!"

त्याने वर बघितलं. त्याला आधी धूर दिसला, मग तिचं तोंड दिसलं, आणि मग त्याला कळलं. तो उठून कारखान्यात गेला. एकेक कॅन उघडून त्याने नाकाशी धरला, रॉकेलचा, तेलाचा, पिंपातलं कुजकं पाणीसुद्धा हुंगलं. कशालाच वास नव्हता. शेवटी त्याने तिचा हात धरला आणि रडला. लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, तो तिच्यासमोर पहिल्यांदा रडत होता, आणि तिला त्याचं इतकं वाईट वाटलं की त्यानंतरची सात वर्षं तिने त्या एका रडण्यावर काढली.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं स्वयंपाकघर, मधे फळी सरकवायची छोटी खिडकी. बेत तिनेच काढला. कुणी कॅन आणला की मिस्त्री म्हणायचा, "इथे वारा आहे, वास उडतो. आत बघतो." झाकणात पेट्रोल घेऊन मागे जायचा, खिडकीच्या कडेवर ठेवायचा. पलीकडून ती वाकून हुंगायची आणि पळीने पातेल्यावर ठोकायची. एक ठोका म्हणजे चांगलं. दोन म्हणजे बाद. तीन म्हणजे बाद आणि रॉकेल. मग मिस्त्री झाकण घेऊन बाहेर येई, सगळ्यांसमोर डोळे मिटून श्वास ओढी आणि निकाल देई.

बाकीचं त्याला जमत होतं. पाणी असलं तर बाटलीत खाली बसलेलं दिसतं. तेल आहे की नाही ते बोटांवर चोळून कळतं. पण रॉकेलही बोटाला तेलासारखंच बुळबुळीत लागतं. ज्यात तेलाचा थेंब नाही पण रॉकेल भरपूर आहे असं पेट्रोल बोटांना अगदी छान तयार मिश्रण वाटतं. तिथे फक्त नाक. आणि नाक खिडकीपलीकडे भांडी घासत होतं.

सात वर्षांत ती एकदाही चुकली नाही. मिस्त्रीची कीर्ती उलट वाढली. लांबलांबच्या धक्क्यांवरून लोक कॅन घेऊन येऊ लागले. त्याचा तोराही वाढला, कारण मेलेलं नाक आधीपेक्षा वर करून चालावं लागतं. भिंतीवर आणखी अकरा पिस्टन चढले. त्याने तिला एकदाही "बरं झालं तू आहेस" म्हटलं नाही. तिला वाटे, म्हणेल. बोलायला जड जात असेल. कधीतरी भांडी पुसताना, कधीतरी दिवा मालवताना म्हणेल. तिला दुसरं काही नको होतं. ते एक वाक्य हवं होतं, तेही चारचौघांत नाही, घरातल्या घरात.

एक दिवस साहेब आले. किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवणारं जे पथक होतं, त्याचे हे प्रमुख. पथकाच्या बारा होड्या, बारा मशीनं. त्यांची देखभाल आणि इंधनाची पारख एकाच माणसाकडे द्यायची होती. नाव अर्थातच मिस्त्रीचं निघालं होतं. साहेब भले गृहस्थ होते, सगळ्यांशी अदबीने बोलणारे. ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिला सहज म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं या वासात राहताय. आता तुम्हालाही कळत असेल की?"

"कळतं थोडं," ती म्हणाली.

एवढंच. दोन शब्द. पण मिस्त्रीने झटकन आजूबाजूला बघितलं. शेडमध्ये लंबू होता, डबलरोटी होता, दाराशी बोळका होता. मिस्त्री मोठ्याने हसला.

"हिला? अहो साहेब, हिचं नाक नुसतं शोभेला आहे. एकदा दूध ठेवलं गॅसवर आणि बसली समोर. दूध करपलं, पातेलं करपलं, घरभर धूर झाला, तरी हिला पत्ता नाही! शेजारीण धावत आली, तेव्हा कळलं. हिला पेट्रोल हुंगायला लावलं तर तुमचं पथकच बुडेल!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. सगळे हसले. साहेबही थोडे हसले, सौजन्य म्हणून. तिच्या हातात कपांचा ट्रे होता, तो तिने खाली पडू दिला नाही. तीही हसली. हसायला लागतं अशा वेळी.

त्या दिवसापासून धक्क्याला नवं खेळणं मिळालं. ती पाणी आणायला निघाली की कुणीतरी ओरडायचं, "वहिनी, दूध बघा!" कारखान्याच्या दारातून कोणी आत डोकावायचं, "काहीतरी करपतंय का हो, वहिनी?" आणि बाकीचे खी खी करायचे. मिस्त्री त्यांत असायचा. आधी नाइलाजाने, मग चवीने.

चौथ्या दिवशी जेवताना तिने विचारलं. "ते दूध कुणासमोर करपलं होतं?"

"अगं, वेळ मारून न्यायची होती. साहेबाला संशय आला असता."

"साहेब गेले. आज सकाळी पुन्हा तेच सांगत होतात. त्या नव्या होडीवाल्याला."

"मग काय झालं? थट्टा आहे ती."

"माझी आहे."

तेव्हा मिस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला आणि अगदी शांतपणे, समजावून सांगावं तसं सांगितलं. "हे बघ. माझं नाव गेलं तर हे घर जाईल. तुझं काय जातंय? तुझं धक्क्यावर नाव तरी आहे का जायला?"

तिने ताट उचललं, घासलं, पालथं घातलं. पण सात वर्षं जे एक वाक्य येईल म्हणून तिने वाट बघितली होती, ते येणार नाही हे तिला त्या वेळी कळलं, आणि त्यानंतर तिला खूप हलकं वाटलं. हे हलकं वाटणं चांगल्या माणसाचं नसतं. तिला ते कळत होतं, तरी आवडलं.

परीक्षेचा दिवस ठरला. साहेबांनी पाच कॅन आणले, एकावरही खूण नाही. त्यांतला एकच योग्य. मिस्त्रीने तो ओळखायचा आणि तेच इंधन घालून पूर्ण वेगाने पाण्यात तरंगणाऱ्या बोयापर्यंत जाऊन परत यायचं. मशीन पथकाचं वापरा, असं साहेब म्हणत होते. पण मिस्त्रीला कुठे राहवतंय!

"छे, छे. दुसऱ्याच्या जिवावर कशाला? माझं लावतो." आणि त्याने स्वतःचं मशीन काढलं. उमेदवारीच्या दिवसांतलं, त्याच्या उस्तादाने त्याला दिलेलं, अजून आरशासारखं पुसलेलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

धक्का माणसांनी भरला होता. तिने मागच्या दारातून पाण्याकडे बघून घेतलं. पाणी ताटासारखं सपाट होतं. पथकाच्या दोन होड्या तयार उभ्या होत्या. मिस्त्रीला पोहताही चांगलं येत होतं. इतकं बघून ती आत आली, गॅस बंद केला, पळी हातात घेतली.

मिस्त्री पाच झाकणं थाळीत घेऊन आला. "इथे वारा आहे," तो बाहेर सांगून आला होता. पहिलं झाकण त्याने खिडकीत ठेवलं. जुन्या वार्निशासारखा आंबूस वास, शिळं. तिने दोन ठोकले. दुसरं अर्धवट कसलं तरी, स्पिरिट जास्त, तळाशी पाण्याचा थेंब हलत होता. दोन.

तिसरं झाकण आलं. वाकायचीही गरज नव्हती. रॉकेल, जवळजवळ निम्मं, आणि तेलाचा पत्ता नाही. असल्या पेट्रोलवर मशीन सुरू होईल, थोडं पळेल, वेग वाढवायला मूठ पिळली की तापेल आणि कोरडा पिस्टन सिलिंडरला जाऊन चिकटेल. तिला ते चित्र अगदी नीट दिसलं. तिने पळी उचलली आणि एकदा ठोकली.

पलीकडे मिस्त्रीने समाधानाने श्वास सोडला, तो तिला ऐकू आला.

चौथं झाकण. ताजं, स्वच्छ पेट्रोल, त्यात चांगलं तेल, मापात. हेच ते. इथे एक ठोका दिला असता, तर मिस्त्री गोंधळला असता, दोन चांगले कसे म्हणून त्याने तिसरं पुन्हा खिडकीत ठेवलं असतं, आणि तिने तीन ठोकले असते. सगळं जागच्या जागी राहिलं असतं. खरं सांगायचं तर तिची पळी तेवढ्यासाठीच उचललेली होती. तितक्यात बाहेरून लंबू ओरडला, "मिस्त्री, आत वहिनींना विचारताय की काय?"

आणि खिडकीपाशी उभ्या मिस्त्रीने, तिच्यापासून हातभर अंतरावरून, बाहेरच्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "विचारतो की! दूध करपलं का ते!"

धक्का हसला. तिने दोन ठोकले. पाचव्या झाकणाला, ते न हुंगताच, आणखी दोन.

मिस्त्री बाहेर गेला, तिसरं झाकण नाकाशी धरून डोळे मिटले, लांब श्वास घेतला. दोन बोटांवर चोळून बघितलं, बुळबुळीत, छान. "हे," तो म्हणाला. साहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण परीक्षा ती परीक्षा, ते बोलले नाहीत.

मशीन सुरू झालं. तिला मागच्या दारातून सगळं दिसत होतं. तेल मिसळलेल्या पेट्रोलवर मशीन चाललं की मागे निळसर धूर सुटतो. धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. मिस्त्रीमागे पांढरा धूर होता. लंबूने तो बघितला. डबलरोटीने बघितला. बोळक्याने डोळ्यांवर हात धरून बघितला. मिस्त्री पुढे तोंड करून बसला होता, त्याला दिसणार नव्हतं, आणि दिसलं नाही तरी दुसऱ्या कुणाला अशा वेळी वास आला असता. हाक मारली तर पोचेल इतकं अंतर अजून होतं. चाळीस माणसं होती धक्क्यावर. एकानेही हाक मारली नाही. त्यांच्या तोंडांवर हळूहळू पसरणारं हसू तिला दिसलं आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण ते तिचंच होतं.

अर्ध्या वाटेत मशीन टकटक करू लागलं. मिस्त्रीने मूठ आणखी पिळली. मग एक बारीक किंचाळी ऐकू आली, आणि मग काहीच नाही.

त्याला आणायला बोळका गेला. पथकाच्या होड्या निघत होत्या, पण म्हातारा म्हणाला, "मी जातो. मला वल्ह्यांची सवय आहे." तो गेला आणि मिस्त्रीला दोरीला बांधून ओढत आणलं, सावकाश, एकदाही न थांबता.

साहेब फार वेळ थांबले नाहीत. "तिसऱ्यात रॉकेल होतं, मिस्त्री. असं होतं कधी कधी," असं म्हणाले, मिस्त्रीचा हात हातात घेतला आणि उरलेले कॅन गाडीत ठेवून गेले. ते गेल्यावर शेडमध्ये सगळा धक्का शिरला. पिस्टन मिस्त्रीनेच काढला, दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नाही. एका बाजूने पार ओरबाडला होता. त्याने तो हातात धरला आणि वर बघितलं. लोक गोल करून उभे होते. कुणी काही मागितलं नाही. भिंत समोरच होती.

"चुकलो," मिस्त्री म्हणाला.

बोळक्याने कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं."

"चुकलो."

"अं?"

तिसऱ्यांदा तो ओरडलाच. त्या ओरडण्याने कुणाचं समाधान झालं, कुणाचं नाही. मग डबलरोटी म्हणाला, "वहिनी, रंग आणा."

ती डबी आणि ब्रश घेऊन आली. मिस्त्रीने खिळा ठोकला, पिस्टन टांगला. तिच्याकडे वळला तेव्हा त्याचे डोळे अगदी दूध करपलं त्या दिवसासारखे होते. सगळं त्याला कळलं होतं. मशीन धरलं गेलं त्या क्षणीच कळलं असणार.

"अगं, नको," तो फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला.

"भिंत माणूस बघत नाही," ती म्हणाली आणि लिहायला लागली. 'मिस्त्री – रॉकेल.' आजवरच्या सगळ्या अक्षरांत ही अक्षरं सगळ्यात सुरेख आली.

तिला वाटलं होतं, यानंतर काहीतरी होईल. तो मारेल, नाहीतर पाया पडेल, नाहीतर घर सोडून जाईल. झालं एवढंच की तो जेवला आणि झोपला. बारा मशीनं दुसऱ्या धक्क्यावरच्या कुणा नवख्याला गेली. लांबचे कॅन यायचे थांबले. जवळचे येत, पण पान्याच्या कामाला. नाकाचं कुणी काढत नसे. मिस्त्री घरात तिच्याशी बोलत नव्हता, आणि गंमत म्हणजे आधी तरी कुठे बोलत होता?

वीसेक दिवसांनी लंबू आला. स्टार्टरची दोरी तुटली होती ती बसवून घ्यायला. होडी बाहेरच बांधली होती, तिच्यात त्याची बायको, दोन पोरं आणि बोचकी. पलीकडच्या काठाला निघाले होते. मिस्त्रीने दोरी बसवली. लंबूने शेडमध्येच कॅनचं झाकण फिरवून मशीनची सुटी टाकी भरायला घेतली, आणि स्वयंपाकघरात तिचा हात थांबला. खिडकी उघडी होती.

ती बाहेर आली. कुणी बोलावल्याशिवाय अशी सगळ्यांसमोर ती आजवर कधी आली नव्हती. "भाऊजी, ते घालू नका. रॉकेल आहे त्यात. खूप आहे. बोटाला तेलासारखं लागेल, पण तेल नाहीये."

लंबूने तिच्याकडे बघितलं, मग कॅनमध्ये बोट बुडवून दोन बोटांवर चोळलं. "चांगलं बुळबुळीत आहे की, वहिनी."

"तेच सांगतेय. वास घ्या."

"दाताच्या मंजनापलीकडे मला काय कळतंय वासातलं." तो हसू लागला. "आणि वहिनी, तुम्ही आधी दूध बघा!"

बाकावर बसलेले दोघेतिघे खदखदून हसले. ती मिस्त्रीकडे वळली. त्याच्यापुढे पाना होता, हातात चिंधी होती. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ही सांगते ते खरं आहे, सात वर्षं हिचंच नाक होतं. ते बोलला असता तर लंबूने कॅन ओतून दिला असता, आणि बाहेर होडीत पोरं बसली होती. तिने त्याच्याकडे इतकं आर्जवाने कधी काही मागितलं नव्हतं. "अहो, सांगा ना त्यांना," ती म्हणाली.

मिस्त्रीने चिंधी झटकली. एकदा चुकलेला नाकवाला भिंतीवर होताच, त्यात आता त्याला लाज उरली नव्हती. पण सात वर्षं बायकोच्या नाकाने जगलेला नवरा? ते त्याच्याने होणार नव्हतं. त्याने आधी भिंतीकडे, मग तिच्याकडे बघितलं. त्याला पळीचा तो एक ठोका आठवला, ते त्याच्या तोंडावर सरळ दिसलं. तो हसला.

"बायकांचं काय घेऊन बसलास," तो लंबूला म्हणाला. "जा, भरती निघून जाईल."

लंबू टाकी उचलून गेला. ती धावत स्वयंपाकघरात शिरली, पळी उचलली आणि पालथ्या पातेल्यावर तीन वेळा ठोकली, जोर लावून. पुन्हा तीन. पुन्हा तीन. बाकावरच्यांनी माना वळवून बघितलं, वहिनींना आज काय झालं म्हणून. मिस्त्री मान खाली घालून पाना पुसत राहिला. बाहेर लंबूने नवी दोरी ओढली आणि मशीन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.